दुधाची बाटली आणि एक विसरलेलें ज्ञान

तान्ह्या मुलाची दुधाची बाटली वापरण्यापूर्वीं उकळून घेणें हा घरोघरचा नित्यक्रम होय. रोगजंतूंपासून मुलाचें रक्षण व्हावें हा त्यामागील हेतु. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांचेच्या बाटलीची जागा प्लॅस्टिकच्या बाटलीनें घेतली, आणि तेंच उकळणें एका निराळ्या द्रव्यास दुधांत उतरण्याची वाट करून देऊं लागलें. त्या द्रव्याचें नांव बिस्फेनॉल-ए.

हें द्रव्य रशियन रसायनज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनीं १८९१ सालीं प्रथम तयार केलें. पुढें लंडनांत एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे ईस्ट्रोजेन या स्त्रीशरीरांतील अंतःस्रावाचें कार्य करील असें कृत्रिम औषध शोधीत होते. बिस्फेनॉल-एमध्यें तो गुण, सौम्य कां होईना, आहे असें त्यांना व त्यांचे सहकारी लॉसन यांना १९३६ सालीं प्रयोगांतीं आढळलें. १९३८ सालीं स्टिल्बेस्ट्रॉल हें त्याहून पुष्कळच प्रभावी औषध हातीं आलें आणि पहिलें मागें पडलें.

१९५३ सालीं जर्मनींत हेर्मान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स यांनीं स्वतंत्रपणें त्याच द्रव्यापासून पॉलिकार्बोनेट बनविलें. कांचेसारखें पारदर्शक, पण पडल्यास न फुटणारें! त्याच्या बाटल्या घरोघर गेल्या. औषधाचें ज्ञान वैद्यकाच्या कपाटांत राहिलें, प्लॅस्टिकचें कारखान्यांत. दोहोंची गांठ पडली ती अकस्मात्. स्टॅनफर्ड विद्यापीठांत डेव्हिड फेल्डमन व त्यांचे सहकारी यीस्टमध्यें ईस्ट्रोजेन तयार होतें कीं काय, हें पाहात होते. प्रत्यक्षांत तो गुण यीस्टचा नसून, वाफेनें निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून पाझरणाऱ्या बिस्फेनॉल-एचा होता. हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें.

तान्ह्या मुलास अशा द्रव्याचा धोका अधिक. वजनाच्या मानानें त्याच्या पोटांत दूध पुष्कळ जातें. तें द्रव्य निष्क्रिय करण्याची यकृताची शक्ति अपुरी असते. आणि त्याच्या अवयवांची घडण अंतःस्रावांच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर चालते. किती मात्रेनें किती अपाय होतो याविषयीं शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. तथापि कॅनडानें २०१० सालीं व युरोपीय संघानें २०११ सालीं मुलांच्या बाटल्यांत त्याचा वापर बंद केला. अमेरिकेनें २०१२ सालीं परवानगी काढून घेतली, तीहि कारखानदारांनीं तो वापर आधींच सोडल्यावर. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानें २०१५ सालीं त्यास मनाई केली. डॉड्स यांच्या प्रयोगास तोंवर ७९ वर्षें लोटलीं होतीं.

मध्यंतरीं अनेक वस्तूंत बिस्फेनॉल-एच्या जागीं बिस्फेनॉल-एस आलें. ईस्ट्रोजेनसारखा गुण त्यांतहि प्रयोगांत दिसून आला. यास्तव बाटलीवर अमुक द्रव्य नाहीं एवढें वाचून समाधान न मानतां, त्याच्या जागीं कोणतें आहे, हें विचारणें अगत्याचें आहे. आजीच्या हातचें बोंडलें, वाटी-चमचा किंवा कांचेची बाटली यांना हा प्रश्न विचारावा लागत नाहीं. तीं नि:शंकपणें उकळावीं.