पाचवीची रात्र आणि नाळेची वाट

एखादे दुःख कायमचे मागे लागले की साताऱ्या-सांगलीकडे म्हणतात, 'ते पाचवीलाच पुजलंय.' ही पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. पाटा-वरवंटा, विळा मांडून सटवीची पूजा करायची, कोरा कागद नि लेखणी ठेवायची आणि बायांनी जागायचे. सटवी येऊन बाळाच्या कपाळी आयुष्याचा लेख लिहिते, ही समजूत.

याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे मला पटत नाही. बायांनी ती रात्र अनुभवाने निवडली असावी. नवजात बाळाचा धनुर्वात तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा आठवड्याच्या सुमारास दिसतो. बाळ दूध ओढेनासे होते, जबडा मिटतो, अंग ताठते. घरातल्या विळ्याने नाळ कापायची, वर राख दाबायची, ही जुनी रीत. राखणीला मांडलेली वस्तू आणि घात करणारी वस्तू एकच!

धोका बेंबीशी आहे हे वैद्यांना ठाऊक होते. नाभीपासून आठ अंगुळे सोडून सोने, रुपे वा लोखंडाच्या धारदार शस्त्राने नाळ कापावी, असे चरकसंहिता सांगते. नाभी पिकल्यास लोध्र, ज्येष्ठमध, हळद यांचे तेलही देते. मात्र ही वाट पुढे हृदयापर्यंत जाते. वारेकडून आलेले रक्त नाळेतल्या शिरेने यकृताजवळून हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचते, आणि जन्मानंतर ही शीर लगेच बुजत नाही. पिकलेल्या बेंबीतले जंतू तिच्यातून रक्तात उतरतात. क्वचित हृदयाच्या झडपांवर ठाण मांडतात.

मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांचे इस्पितळ १८९४ साली उघडले. खेड्यातली बाळंतपणे मात्र पुढेही कित्येक दशके घरीच होत. त्या घरातच उपचार नेता येतो हे दाखवले गडचिरोलीने. डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९८पर्यंत २५.५वर आला. देशातून नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाची घोषणा २०१५ साली झाली.

हृदयाच्या संसर्गाची वाट मात्र बुजलेली नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सलाइन, औषध देण्यासाठी डॉक्टर त्याच नाळेच्या शिरेतून बारीक नळी हृदयाजवळ नेतात. नळी जितकी जास्त दिवस राहील तितका जंतूंना वाव. म्हणून काचेच्या पेटीशी उभी असलेली नर्सही दिवस मोजत असते.