हुकूम कोणत्या अधिकाराने?

१६४९ च्या जानेवारीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला. आरोपांना उत्तर न देता राजा एकच विचारत राहिला: मला इथे कोणत्या अधिकाराने आणले? फौज विरुद्ध बाजूची होती, निकाल ठरल्यासारखाच होता. तरी बळ असणे वेगळे आणि अधिकार असणे वेगळे, हे त्या राजाने नेमके हेरले होते. राजकीय तत्त्वज्ञानातील अधिमान्यतेची सारी चर्चा या भेदावर उभी आहे.

त्याआधी, १६४७ मध्ये, पटनीच्या चर्चमध्ये त्याच फौजेतील सैनिकांनी हा वाद घातला होता. ज्या राज्यकारभारात गरिबाला मत नाही त्याचे बंधन गरिबावर नाही, असे कर्नल रेन्सबरोचे म्हणणे. आयर्टनने त्याविरुद्ध मालमत्तेचा मुद्दा लावून धरला. या चर्चेची टिपणे आज उपलब्ध आहेत. नव्या वाचकाने मोठ्या ग्रंथांआधी ती वाचावीत, असा माझा आग्रह आहे. माणसे इथे जिवावर उदार होऊन विचार करताना दिसतात.

पुढे हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) भीतीपोटी दिलेली संमतीही बंधनकारक ठरवली. लॉकला ते अमान्य होते. पण देशाच्या रस्त्यावरून नुसता चालणाराही मूक संमती देतो, असे सांगून त्याने संमतीचा अर्थ फारच पातळ केला. ह्यूमने १७४८ मध्ये नेमके तिथेच बोट ठेवले. झोपेत जहाजावर आणलेला माणूस जाग आल्यावर समुद्रात उडी टाकत नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता स्वीकारली असे म्हणायचे का? या आक्षेपाला पुरते उत्तर मला अजून सापडलेले नाही. मात्र म्हणून संमतीची कल्पना टाकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. नागरिकाने आज्ञा का पाळावी हे ती नीट सिद्ध करत नसली, तरी जाब देण्याची जबाबदारी ती राज्यकर्त्यावर टाकते. रॉल्स आणि राझ या अलीकडच्या तत्त्वज्ञांनी वेगळे आधार शोधले. त्यांच्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत.

शेवटचे प्रकरण आपल्या संविधानावर आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ते लोकांच्या नावाने अंगीकारले गेले; पण घटना समितीचे प्रांतांमधील सदस्य ज्या विधिमंडळांनी निवडले, ती मर्यादित मताधिकारावर निवडून आलेली होती. प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर, १९५१-५२ मध्ये झाली. नंतर मिळालेली संमती आधीच्या कृतीला अधिकार देऊ शकते का? माझ्या मते देऊ शकते, पण नाकारण्याचा मार्ग खुला असेल तरच. वाचकाने या मताशी मनापासून भांडावे.