निरुपद्रवी स्पर्शाची धास्ती : चवदार तळे, १९२७

१/ ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला. परागकण, धूळ, बुरशी अशा बहुतेकांना निरुपद्रवी असणाऱ्या गोष्टी शरीर शत्रू समजते. या लढाईत श्वासनलिका सुजून आकसल्या, की दम्याचा झटका येतो.

२/ महाड, २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्याले. नगरपालिकेने हे तळे १९२४ मध्येच सर्वांस खुले केले होते. तरीही जमावाने सत्याग्रहींवर हल्ले केले. मागाहून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

३/ त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरेही पाणी पीत. त्याचा विटाळ कोणास झाला नव्हता.

४/ साम्य मात्र येथेच संपते. ॲलर्जी ही अजाण शरीराची चूक; तिचा दोष रुग्णाकडे जात नाही. महाडात चूक जाणूनबुजून झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला.

५/ दम्यावर उपचार करताना झटक्याचे नेमके कारण शोधावे लागते आणि सूज आवरणारे औषध वैद्यकीय सल्ल्याने, बरे वाटत असतानाही नियमित घ्यावे लागते. महाडच्या दुखण्याचे कारण न्यायालयात तपासले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला : बहिष्काराची ‘अनादि रूढी’ सिद्ध झालेली नाही. एका ओंजळीचा हक्क मान्य होण्यास दहा वर्षे लागली.