ओलं भाडं: बांधील पबची कुळकथा

इंग्लंडमधल्या हजारो पबांत बिअर कुठून घ्यायची आणि कोणत्या भावानं घ्यायची हे पब चालवणाऱ्याच्या हाती नसतं. इमारत एखाद्या मोठ्या कंपनीची असते आणि तो तिथलं कूळ. ठरलेलं भाडं भरायचं आणि वर बिअरचं प्रत्येक पिंप त्याच कंपनीकडून, तिनं लावलेल्या दरानं उचलायचं, असा करार. या बंधनाला तिथे ‘बिअर टाय’ म्हणतात. रोख भाडं ते कोरडं भाडं आणि बिअरच्या चढ्या दरातून कंपनीला सुटतं ते ओलं भाडं, ही धंद्यातली बोली. शेत सावकाराचं आणि बी-खतही सावकाराच्याच दुकानातून, हा प्रकार आपल्याकडे कुणाला फोड करून सांगावा लागत नाही.

हा करार जन्मला तेव्हा मात्र दोघांच्याही गरजेचा होता. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर नावाच्या काळसर, कडवट बिअरची चलती होती. ती महिनोन्महिने प्रचंड लाकडी टाक्यांत मुरवावी लागे आणि तेवढा माल अडकवून ठेवण्याची ऐपत मोजक्याच कारखानदारांची होती. 1781 साली दिवंगत कारखानदार थ्रेल यांचा कारखाना विकला गेला तो 1,35,000 पौंडांना. थ्रेल यांच्या मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून त्या विक्रीत कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांचा हात होता. घेणारे होते बार्कले आणि पर्किन्स. अशा बड्या कारखान्यांना रोजच्या रोज माल खपवणारी दुकानं हवी होती. पबवाल्याला जागेचा भाडेपट्टा घ्यायला पैसे हवे होते. मग कारखानदारानं कर्ज द्यायचं, भाडेपट्ट्याचे कागद तारण ठेवून घ्यायचे आणि कर्ज फिटेपर्यंत, पुष्कळदा त्यानंतरही, पबवाल्यानं त्याचीच पोर्टर विकायची.

याला बळ आलं ते परवान्यामुळे. 1552 पासून दारूचं दुकान काढायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागे आणि परवाने मोजके असले की परवाना असलेल्या इमारतीला सोन्याचा भाव येई. लंडनमधल्या कारखानदारांच्या या पकडीची चौकशी 1817 मध्ये संसदीय समितीनं केली. मक्तेदारी मोडावी म्हणून 1830 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारनं दार सताड उघडलं: कुणाही करदात्यानं दोन गिनी भराव्यात आणि राहत्या घरात बिअर विकावी. गल्लोगल्ली बिअरघरं निघाली. 1869 मध्ये ती परत न्यायाधीशांच्या ताब्यात गेली आणि नवे परवाने मिळणं अवघड झालं. पुढे 1886 मध्ये गिनेसनं शेअर बाजारातून भांडवल उभारलं तेव्हा लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. इतर कारखान्यांनी तोच मार्ग धरला आणि हाती आलेल्या पैशातून पब विकत घेण्याची शर्यत लावली. स्वतः गिनेसनं मात्र पबांचा असा ताफा कधी उभारला नाही. कर्जानं बांधलेला पबवाला या शर्यतीत कारखान्याचं कूळ होऊन गेला.

विसावं शतक बरंचसं याच पद्धतीवर गेलं. भाडं हलकं असे. छप्पर गळलं, तळघर ओलावलं तर डागडुजी बहुधा कारखान्याकडे. थोडीफार शिल्लक असलेल्या नवरा-बायकोला वर राहायला घर आणि खाली धंदा मिळून जाई. जुन्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. पट्टे छोट्या मुदतीचे असत, मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड रस्त्यावर येई, आणि बेचव बिअरला विटलेल्या गिऱ्हाइकांनी 1971 मध्ये ‘कॅमरा’ ही संघटना काढली ती उगाच नव्हे. तरीही एक गोष्ट पक्की होती. कारखान्याला स्वतःची बिअर खपायला हवी होती, म्हणून कूळ बुडणं त्याला परवडत नव्हतं.

मार्च 1989 मध्ये मक्तेदारी आयोगाचा अहवाल आला. देशातला बहुतेक बिअरधंदा बास, अलाइड, व्हिटब्रेड, ग्रँड मेट्रोपॉलिटन, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा कारखान्यांच्या मुठीत होता. सरकारनं ‘बिअर ऑर्डर्स’ काढल्या: 2,000 हून अधिक पब असलेल्या कारखान्यानं वरच्या पबांपैकी निम्मे 1 नोव्हेंबर 1992 पर्यंत टायमधून मोकळे करावेत. हेतू चोख होता, पण बंधन घातलं ते फक्त बिअर गाळणाऱ्यांवर. जो बिअर गाळतच नाही, त्यानं कितीही पब घ्यावेत, त्याला हात लागत नव्हता. माझ्या मते आजच्या साऱ्या दुखण्याचं मूळ या एका फटीत आहे.

त्या फटीतून ‘पबको’ आल्या, म्हणजे बिअर न गाळता नुसते पब बाळगणाऱ्या कंपन्या. 1991 मध्ये एंटरप्राइज इन्स उभी राहिली, 1997 मध्ये पंच टॅव्हर्न्स. नोमुरा या जपानी बँकेकडेही एके काळी हजारो ब्रिटिश पब होते. कुळांकडून पुढे येणारं कोरडं आणि ओलं भाडं तारण दाखवून या कंपन्यांनी रोखे विकले आणि त्या पैशातून आणखी पब घेतले. 2005 च्या सुमारास एंटरप्राइज आणि पंच यांच्याकडे प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब होते. एवढ्या घाऊक खरेदीवर कारखाने त्यांना घसघशीत सूट देत. ती सूट कंपनीपाशीच राही आणि कुळाला पिंप मिळे जवळपास छापील दरानं. समोरच्या मोकळ्या पबात तेच पिंप स्वस्तात उतरे. इथे कारखानदाराचा जुना स्वार्थही उरला नव्हता. कंपनीला चिंता रोख्यांच्या हप्त्यांची. एक कूळ बुडालं तर दुसरं शोधता येत होतं.

भाडं ठरतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. जागेवर एक काल्पनिक, बऱ्यापैकी हुशार चालक बसला आहे असं धरतात. तो वर्षाला किती विकेल, खर्च काय होईल, हे मांडून उरलेली रक्कम मालक आणि कूळ यांच्यात वाटतात, बहुधा निम्मी-निम्मी. या मांडणीत 72 पाइंटच्या पिंपातून 72 पाइंट विकले जातील असं धरलं, की तिथेच खोट येते. पिंपातच मुरत राहणाऱ्या ‘जिवंत’ एल बिअरच्या तळाला गाळ बसतो, नळ्या धुताना बिअर वाया जाते, फेस सांडतो. न विकलेल्या बिअरवरही भाडं चढतं.

तळघरात एक चौकीदारही बसवलेला असतो. पिंपापासून वरच्या नळापर्यंत जाणाऱ्या नळीवर छोटं प्रवाहमापक यंत्र, आणि त्याचे आकडे थेट कंपनीकडे. उचललेल्या मालापेक्षा जास्त द्रव वाहिलेला दिसला की कुळानं बाहेरून पिंप आणल्याचा संशय आणि दंडाची मागणी. नळ्या दर आठवड्याला पाण्यानं आणि रसायनानं धुतात. तेही पाणी त्याच यंत्रातून जातं, म्हणून ते बिअर ठरलं की काय यावर भांडणं झाली.

बर्नी क्रेहान यांनी टायविरुद्धची लढाई न्यायालयात नेली. 1991 मध्ये त्यांनी लंडनच्या पश्चिमेला स्टेन्स इथले दोन पब वीस वर्षांच्या पट्ट्यानं घेतले, बिअर करेजकडूनच घेण्याच्या अटीवर. आजूबाजूचे पब स्वस्तात बिअर विकत होते आणि दोन वर्षांत धंदा बसला. 1993 मध्ये करेजनं बिअरच्या थकबाकीपोटी 15,266 पौंडांचा दावा लावला. क्रेहान यांनी उलट दावा केला की हा करारच स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे. 2001 मध्ये युरोपीय न्यायालयानं निर्णय दिला की अशा करारावर सही करणारासुद्धा भरपाई मागू शकतो. युरोपभरचे वकील आजही त्याचा दाखला देतात. 2004 मध्ये अपील न्यायालयानं क्रेहान यांना 1,31,336 पौंड मंजूर केले. 2006 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहानं तो निकाल फिरवला. त्यांच्या नावानं कायदा उभा राहिला, त्यांच्या हाती काही आलं नाही. मला हे फार लागतं.

2007 ची धूम्रपानबंदी आणि त्यामागून आलेली मंदी यांनी उरलीसुरली कसर भरून काढली. 2009 मध्ये संसदीय समितीनं करवलेल्या पाहणीत 67 टक्के कुळांची वर्षाची कमाई 15,000 पौंडांहून कमी निघाली. कंपन्यांनी स्वतःहून सुधारावं म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहण्यात गेली. अखेर 18 नोव्हेंबर 2014 रोजी खासदार ग्रेग मलहॉलंड यांची दुरुस्ती 284 विरुद्ध 269 मतांनी मंजूर झाली, तीही सरकारच्या विरोधाला न जुमानता. ठरावीक प्रसंगी, जसं भाड्याच्या फेरआढाव्याच्या वेळी, कुळानं टाय सोडून फक्त बाजारभावानं भाडं द्यावं, असा हा हक्क. जुलै 2016 पासून तो इंग्लंड आणि वेल्समध्ये पब्ज कोड म्हणून लागू झाला आणि तंटे ऐकायला अभिनिर्णायक नेमला गेला. फक्त प्रवाहमापकाच्या आकड्यावर विसंबून कारवाई करायलाही मनाई झाली. ऑक्टोबर 2020 मध्ये हायनेकेनच्या स्टार पब्ज अँड बार्स या कंपनीला 20 लाख पौंडांचा दंड झाला. टाय सोडू पाहणाऱ्या कुळांवर हायनेकेनच्या मालाचा अवाजवी साठा लादल्याचं सिद्ध झालं होतं.

कायदा कागदावर चांगला आहे, पण तो वापरणं सोपं नाही. नोटिशीच्या मुदती काटेकोर, मूल्यमापक आणि वकील यांचा खर्च खिशातून, आणि पट्टा संपत आला असेल तर डोक्यावर आणखी एक तलवार: कंपनीला त्या जागेत स्वतःचाच धंदा करायचा असेल, तर भाडेपट्ट्यांविषयीच्या 1954 च्या कायद्याखाली ती पट्टा नवा करायला नकार देऊ शकते. शिवाय हा कोड लागू होतो 500 किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांनाच. 400 पबांच्या मालकाकडे तोच टाय, तेच पिंप आणि तोच भाव असला, तरी त्याच्या कुळाला अभिनिर्णायकाकडे जाता येत नाही. त्याच्यासाठी आहे ती कंपन्यांनी आपखुशीनं स्वीकारलेली आचारसंहिता.