आले, आणले, स्वीकारले : यंत्रविद्येच्या स्वीकाराची शब्दसाक्ष

नव्या यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना आपण कारखाने, कायदे आणि सरकारी अहवाल धुंडाळतो. ज्या क्रियापदांनी लोकांनी ते यंत्र आपल्या व्यवहारात घेतले, त्यांच्याकडे मात्र क्वचितच वळतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतनजीक असलेल्या भांडगावात, किंबहुना दौंड-शिरूरकडील कोणत्याही बागायती गावात, वडीलधाऱ्या शेतकऱ्यास झालेल्या पालटाविषयी विचारावे; तो 'इंजिन आले', 'लाईट आली', 'मोटार बसवली' अशाच भाषेत बोलेल. 'आम्ही विजेचा स्वीकार केला' हे वाक्य त्याचे नव्हे. ते आपल्या प्रबंधांतले आहे, आणि इंग्रजीच्या छायेत वाढलेले आहे.

इंग्रजीत 'इंट्रोड्यूस' हे आणणाऱ्याचे क्रियापद, तर 'अॅडॉप्ट' हे घेणाऱ्याचे. जपानी भाषेत 'दोन्यू' हा एकच शब्द बहुधा या दोन्ही ठिकाणी चालतो. त्याच्या घटकांचा अर्थ 'आत नेणे' असा असल्यामुळे दृष्टी आत आणणाऱ्याची राहते. इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्याची गफलत होण्याचा संभव येथेच आहे. कारखान्याने यंत्र 'स्वीकारले' असे म्हणावयाचे असता तो ते 'प्रथम प्रचारात आणले' असे लिहून जातो. मराठीचे 'येणे' याहूनही निराळे. त्यात आणणारा नाही आणि घेणाराही नाही. यंत्र जणू पावसासारखे येते.

नामांचा इतिहास अधिक बोलका आहे. मुंबई-ठाणे लोहमार्ग 1853 साली सुरू झाला, 1858 मध्ये तो पुण्यास पोहोचला व पुढे दौंडवरून सोलापूरकडे गेला. त्या वाहनास मराठीने 'आगगाडी' म्हटले. समुद्रावर 'आगबोट' होतीच, आणि काड्यांच्या डबीसही 'आगपेटी' हे नाव मिळाले. जपानात पहिला लोहमार्ग 1872 साली शिंबाशी ते योकोहामा असा झाला. तेथे वाफेच्या गाडीस 'किशा' आणि वाफेच्या जहाजास 'किसेन' हे शब्द रूढ झाले. दोन्ही समाजांनी अपरिचित वस्तूस तिच्या चालकशक्तीवरून नाव दिले, परंतु जपान्यांनी वाफ पाहिली व आपण आग पाहिली, हा भेद मोठा मौजेचा आहे.

जेथे जुनी व्यवस्था होती, तेथे नवा शब्द लागलाच नाही. खडकवासल्याच्या धरणातून मुठा कालव्याने दौंडकडे पाणी नेले, तेव्हा लोकांच्या तोंडी ते 'पाटाचे पाणी'च राहिले. याउलट मोटेची जागा ज्याने घेतली, त्याला परके नाव मिळाले, आणि त्या नावाचा अर्थ संकोचला. खेड्यात विहिरीसंबंधी बोलताना 'इंजिन' म्हणजे पाणी उपसणारे तेलाचे इंजिन, 'मोटार' म्हणजे विजेचा पंप. जपानीत इंग्रजी 'मशीन'पासून आलेला 'मिशिन' शब्द केवळ शिवणयंत्रापुरता उरला आहे. असे शब्द घेऊन इंग्रजीकडे परतणाऱ्या विद्यार्थ्यास, मग तो ओसाकाचा असो वा भांडगावचा, ओळखीचा शब्दच दगा देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास केलेल्या लोखंडी नांगराविषयी शेतकरी साशंक होते, लोखंडाने जमीन नासेल अशी त्यांना धास्ती वाटे, हे सर्वश्रुत आहे. 'लोखंडी' हे विशेषण त्या नांगरास दीर्घकाळ चिकटून राहिले, कारण नुसता 'नांगर' म्हणजे लाकडीच समजला जाई. नांगर शेतात उतरला, तरी नावात तो पाहुणाच होता. विक्रीच्या आकड्यांत हे दिसत नाही.

मात्र बोलीच्या साक्षीवर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे. 'येणे' हे क्रियापद विषमता झाकते. तेलाचे इंजिन ज्याच्याजवळ विहीर व पैसा होता त्याच्याकडे आले. शेजारचा मोट हाकीतच राहिला, तरी दोघेही 'गावात इंजिन आले' असेच म्हणाले. असे विधान आठवणींत किंवा दप्तरात आढळले, तर संशोधकाने त्याची तारीख टिपण्यापूर्वी ते कोणाच्या विहिरीवर आले हे विचारावे.