भांडे, आरसा आणि शिलालेख

राजगृहाजवळील अंबलट्ठिका येथे राहुलाने तथागतांसाठी पाय धुण्याचे पाणी ठेवले. तथागतांनी भांड्यात थोडे पाणी राखले, मग ते टाकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे केले. प्रत्येक वेळी काय दिसते, हे राहुलास विचारले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्याचे श्रामण्य असेच रिते असते, हा त्याचा बोध. नंतर आरशाचा उपयोग विचारून, प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तपासण्यास सांगितले.

मज्झिम निकायातील या ६१व्या सुत्तात ज्ञान केवळ ऐकून मिळत नाही. विद्यार्थी पाहतो, उत्तर देतो, पारखतो.

राजस्थानातील बैराट येथे १८४० साली सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धम्मपाठ सुचविले. त्यांत असत्य भाषणाविषयीचा राहुलोवाद आहे. अभ्यासक त्याचा संबंध याच सुत्ताशी जोडतात. भिक्षु-भिक्षुणींप्रमाणे उपासक-उपासिकांनीही हे पाठ ऐकून त्यांवर चिंतन करावे, अशी अशोकाची इच्छा होती.

ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानश्रवणही नाकारले गेले, त्याच्यासाठी या शब्दांचे मोल मोठे आहे. म्हणून विहारातील बालवर्गात गाथापठणाबरोबर एक भांडे व एक आरसाही असावा. आणि मुलांना प्रश्न विचारले जावेत.