ग्राहक : कायद्यातील अर्थ (सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

मोबदला देऊन, देण्याचे कबूल करून किंवा हप्त्यांच्या बोलीवर वस्तू विकत घेणारा अथवा सेवा घेणारा तो ग्राहक. त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारा किंवा सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच ठरतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये ही व्याख्या आहे. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि १९८६ चा कायदा रद्द झाला. दुकानातली खरेदी, ऑनलाइन खरेदी आणि घरी येऊन केलेली थेट विक्री यांत नवा कायदा फरक करत नाही. फेरविक्रीसाठी माल घेणारे आणि ‘व्यापारी हेतू’ने वस्तू वा सेवा घेणारे मात्र व्याख्येच्या बाहेर राहतात.

सातारा-सांगलीतले बरेच वाद या ‘व्यापारी हेतू’पाशी येऊन अडतात. तासगावचा द्राक्षबागायतदार, विट्याचा यंत्रमागधारक, महाबळेश्वर भागातला स्ट्रॉबेरी उत्पादक, ऊस वाहतुकीसाठी कर्जाने ट्रॅक्टर घेतलेला तरुण, यांची जवळजवळ प्रत्येक मोठी खरेदी कमाईसाठीच असते. त्या सगळ्यांना व्यापारी मानून बाहेर काढले, तर कायद्याची राखण मिक्सर आणि टीव्हीपुरतीच उरेल. १९९३ च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यातील व्याख्येला जोडलेले आणि नव्या कायद्यातही राहिलेले स्पष्टीकरण म्हणूनच या दोन जिल्ह्यांसाठी फार मोलाचे आहे. स्वयंरोजगारातून, केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असे ते सांगते. २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा वगळल्या, पण त्या जुन्या कायद्यात उपजीविकेचा हाच अपवाद सेवांनाही लागू केला.

या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात लावला. एका लघुउद्योगाने वित्तीय महामंडळाच्या कर्जातून संगणक-नियंत्रित यंत्र घेतले. ते उशिरा आले आणि सदोष निघाले. तरीही यंत्राचा प्रकार, किंमत आणि कामाचा आवाका पाहून न्यायालयाने त्या उद्योगाला ग्राहक मानले नाही. त्याच निकालात दिलेली उदाहरणे मात्र लहान माणसाच्या उपयोगाची आहेत. रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक. ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला देणारा नाही. लेथ घेऊन स्वतः काम करणाऱ्याने मदतीला घरचे माणूस किंवा एक-दोन मदतनीस घेतले तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. हीच कसोटी विट्यात लावली, तर घरच्यांसह स्वतः मागावर उभा राहणारा व्याख्येत बसतो आणि शेडभर माग कामगारांकडून चालवून घेणारा बाहेर जातो. ‘केवळ’ हा शब्द कडक आहे आणि त्याने काही खऱ्या गरजूंनाही अडवले आहे. पण हेतू व्यापारी होता हे कोणी सिद्ध करायचे, याचा निवाडा २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात झाला. तो भार तक्रारदारावर नसून समोरच्या व्यावसायिकावर आहे. हा निकाल छोट्या तक्रारदाराच्या हातातले सर्वांत मोठे बळ ठरावा.

शेतकऱ्याचे स्थान याहून पक्के आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी (२०१२) या निकालाने बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरला. पीक बाजारात विकतो म्हणून तो व्यापारी होत नाही. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही, ही कंपन्यांची नेहमीची हरकतही न्यायालयाने मान्य केली नाही. सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्याने नमुना कुठून आणायचा? त्यामुळे खरेदीची पावती, पिशवीवरचे लेबल आणि कृषी अधिकाऱ्यांचा शेतपाहणीचा अहवाल एवढे जपून ठेवणे महत्त्वाचे. शीतगृहात बेदाणा किंवा गोदामात हळद ठेवणाऱ्यांनी २०२० चा कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा निकाल माहीत करून घ्यावा. त्यात शीतगृहाला आग लागून कर्नाटकातील शेतकऱ्यांचा माल जळाला होता. विमा शीतगृहाच्या नावे असूनही शेतकरी त्याचे लाभार्थी, म्हणून ग्राहक ठरले.

ऊस घालणाऱ्याची गोष्ट निराळी. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) थकली तर तो कारखान्याकडे विक्रेता म्हणून उभा असतो, ग्राहक म्हणून नव्हे. त्याची वाट ऊस नियंत्रण आदेश आणि साखर आयुक्तांकडून जाते.

पतसंस्थांचे जाळे दाट असलेल्या या भागात ठेवीदाराचा प्रश्न वारंवार येतो. तुम्ही सभासद आहात, सहकार कायद्याखाली दाद मागा, असे उत्तर त्याला मिळते. थिरुमुरुगन सहकारी पतसंस्था प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्येच सांगितले आहे की, सहकार कायद्यातला मार्ग उपलब्ध असला तरी ग्राहक मंचाचा (आजच्या ग्राहक आयोगाचा) मार्ग बंद होत नाही.

मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात रुग्ण ग्राहक कधी, हेही ठाऊक असायला हवे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या निकालानुसार पैसे देणारा रुग्ण ग्राहक आहे. काहींकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळालेला रुग्णही ग्राहक ठरतो. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये बाहेर राहतात. केवळ नोंदणीची नाममात्र फी घेतल्याने त्यात बदल होत नाही. वकिलाचा पक्षकार मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालानंतर ग्राहक नाही.

इतर देशांशी ताडून पाहिले की आपल्या व्याख्येचा वेगळेपणा दिसतो. नेदरलँड्सच्या नागरी संहितेत, युरोपीय निर्देशांनुसार, आपल्या धंद्या-व्यवसायाबाहेरच्या कारणासाठी व्यवहार करणारी हाडामांसाची व्यक्तीच ग्राहक असते. कंपनीला तिथे ते स्थान नाही, आणि शेतीसाठी बियाणे घेणारा डच शेतकरीही व्यावसायिकच मानला जातो. अगदी छोट्या व्यावसायिकाला डच न्यायालये ग्राहकनियमांचा काही लाभ अप्रत्यक्षपणे देतात, पण तो हक्क नसतो. भारतात भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था याही ‘व्यक्ती’ आहेत, आणि निर्णय खरेदीदाराचे रूप नव्हे तर खरेदीचा हेतू पाहून होतो. जिथे शेती आणि संसार एकाच खिशातून चालतात, तिथे भारतीय रेषा अधिक न्यायाची आहे.

२०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो वा दिल्लीची, सातारा किंवा सांगलीच्या आयोगातच दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.